मेंबर, गिधाडं आणि आमच्या वन्सं

मी एकतीस वर्षं आठवीच्या मुलांना गिधाड शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही गिधाड पाहिलं नाही. फळ्यावर मात्र दरवर्षी काढायचे. माझं गिधाड हळूहळू बदलत गेलं आणि निवृत्तीच्या सुमाराला ते इतकं कोंबडीसारखं दिसायला लागलं, की मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, हे अंडी किती देतं?"

"वर्षाला एक," मी म्हणाले. उत्तर बरोबर होतं, तरी वर्ग हसला.

लहानपणी इचलकरंजीच्या बाहेर, मेलेली जनावरं टाकायच्या माळावर गिधाडं थव्यानं बसलेली असायची, असं आई सांगायची. आम्हा मुलींना तिकडे जायची बंदी होती. बंदी मोडायचं वय आलं तोवर गिधाडंच उठून गेली होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या थंडीत मला माझी जुनी विद्यार्थिनी सुप्रिया हिचा निरोप आला. ती आता शहापूर तालुक्यात शिक्षिका आहे. डोळखांबच्या पुढे आजोबाचा डोंगर आहे, त्याच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि पायथ्याच्या वाडीत गोविंदभाऊ म्हणून एक शेतकरी पाहुण्यांची सोय करतात, असं तिनं कळवलं. खाली लिहिलं होतं, "बाई, ही तुम्ही काढायचात तसली नाहीत. खरी आहेत."

मला एकटीला कोणी सोडेना, म्हणून सोबतीला माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. वय सहासष्ट, गुडघे दणकट. आम्ही सगळे त्यांना वन्सं म्हणतो. कबुतरानं त्यांच्या गॅलरीतल्या कूलरमध्ये तीन वेळा घरटं केल्यापासून वन्संचं पंख असलेल्या कशाशीच पटत नाही. त्यामुळे मी त्यांना इतकंच सांगितलं, की डोंगराच्या पोटात वाल्मिकींचा आश्रम आहे आणि वर कातळात सीतेचा पाळणा आहे. यातलं काहीही खोटं नव्हतं. गिधाडांबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शहापूर

शहापूरच्या एसटी स्टँडवर उतरताना वन्संच्या चपलेचा अंगठा तुटला. समोरच चपलांचं दुकान होतं. दुकानदार वयस्कर, गप्पिष्ट. त्यानं विचारलं, "कुठं चालल्या ताई?"

"आश्रमात," वन्सं म्हणाल्या.

"गिधाडं बघायला," मी म्हणाले. दोघी एकाच वेळी बोललो.

दुकानदारानं हातातला चपलेचा जोड खाली ठेवला. "गिधाडं? बघायला?"

"हो."

"तुमच्या गावाकडं बघायला दुसरं काय नाय?"

मी थोडा विचार केला आणि नाही म्हणाले. त्यानं फार सहानुभूतीनं मान हलवली, मागच्या फळीवरून निळेभोर पुरुषी कॅनव्हासचे बूट काढले आणि वन्संच्या पायाशी ठेवले. "डोंगरात चप्पल टिकायची नाय. आणि पळायला लागलं, तर बूट बरा."

वन्संनी बूट घातले, साडी दोन बोटं वर खोचली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. डोळखांबपर्यंत बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. भातशेतं कापून झाली होती, खाचरांत नुसते धसकटांचे पट्टे उरले होते, आणि पलीकडे डोंगर एकामागून एक वर येत होते. डोळखांबला गाडी थांबली तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या.

"चोच केवढी असते?"

"तुमच्या मधल्या बोटाएवढी."

वन्संनी मधलं बोट उघडून पाहिलं आणि मूठ मिटली.

वाडी

गोविंदभाऊ पन्नाशीचे, बारीक, चालताना नेहमी दोन पावलं पुढे असणारे. त्यांची बायको हिराबाई उलट निवांत. घर कारवीच्या कुडाच्या भिंतींचं, वर शेण-मातीचा गिलावा, दारात वालाच्या शेंगांचा ढीग. आम्ही पोचलो तेव्हा हिराबाईंनी वन्संच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा बुटांकडे, आणि म्हणाल्या, "या गो बाय, बसा. कवाच्या निघाल्या?"

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि खुरासणीची काळी चटणी होती. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, आणि आमटीवर बोटभर लाल कट तरंगला नाही तर पाहुण्याचा अपमान झाला असं समजतात. इथली भाजी गुळचट, शांत. वन्संनी पिशवीतून घरच्या चटणीची डबी काढली आणि भाजीवर दोन चमचे उपडे केले. हिराबाईंनी चव म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे पुसले, तांब्याभर पाणी प्यायल्या.

"रोज खाता?" त्यांनी विचारलं.

"दोन वेळा," वन्सं म्हणाल्या.

"मंग तुमी गोड कशा बोलता?"

"नाही बोलत," मी म्हणाले, आणि प्रवासात पहिल्यांदाच वन्सं हसल्या.

कडा

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदभाऊंनी आम्हाला आश्रमाच्या वाटेनं वर नेलं. आश्रमात वन्संनी मनापासून नमस्कार केला, बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "माझं झालं. आता तुझं काय असेल ते दाखव."

झाडी संपते तिथल्या एका खडकावर आम्ही बसलो. समोर आजोबाचा कडा सरळ उभा. त्यावर ठिकठिकाणी पांढरे ओघळ होते, वरून कोणी चुन्याच्या बादल्या ओतल्यासारखे. गोविंदभाऊ म्हणाले, "पांढरं दिसलं की त्याच्या वर बघायचं. तिथं बसतात."

मी दुर्बीण लावली. पहिला खडक वाटला तो खडकच निघाला. दुसराही. तिसऱ्यानं मान वळवली.

एकतीस वर्षांनी गिधाड माझ्याकडे बघत होतं. म्हणजे माझ्या दिशेला तरी. मातकट रंगाचं अंग, काळपट उघडी मान, मानेच्या मुळाशी पांढऱ्या पिसांची झालर, आणि चोच फिकट, लांब, टोकाशी खाली वाकलेली. मान उघडी का असते हे मी प्रत्येक वर्षी शिकवलं होतं. मेलेल्या जनावराच्या आत डोकं घालावं लागतं, पिसं असती तर रक्तानं माखून राहिली असती. फळ्यावर तो स्वच्छतेचा धडा वाटायचा. प्रत्यक्षात गिधाड नुकतीच हजामत करून आलेल्या आणि हजामत न आवडलेल्या माणसासारखं दिसत होतं.

मग त्यानं काहीही केलं नाही. एक तास केलं नाही. दीड तास केलं नाही.

"हे बघायला आलो होय आपण?" वन्संनी विचारलं. "आमच्या गल्लीत निवृत्त हेडमास्तर असेच बसतात. त्यांच्यासाठी रेल्वे बदलावी लागत नाही."

"ऊन तापू दे," गोविंदभाऊ म्हणाले. "हवा वर चढली की त्यांना पंख मारायला लागत नाय. तवर कष्ट करत नाय ती."

"शहाणी आहेत," वन्सं म्हणाल्या. हा त्यांनी पक्ष्यांबद्दल काढलेला पहिला चांगला शब्द.

ऊन तापल्यावर ते उठलं, कड्याच्या टोकाशी आलं आणि नुसतं पुढे कललं. पंख उघडले तेव्हा मला कळलं की फळ्यावर ते कधीच मावलं नसतं. मी आडवी झोपले आणि हात डोक्यावर ताणले तरी कमी पडले असते. एकदाही पंख न हलवता ते आमच्या डोक्यावरून गेलं, आणि त्याची सावली खडकावरून, माझ्या मांडीवरून, वन्संच्या निळ्या बुटांवरून सरकली. वन्संनी पाय जवळ घेतले.

एका कपारीत काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात कापसाच्या गोळ्यासारखं एक पिल्लू. आई आणि बाप आळीपाळीनं बसतात, एक गेलं की दुसरं येतं, असं गोविंदभाऊंनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी या कड्यावर गिधाडं मोजत कोणी नसे, कारण मोजून संपत नसत. आता ते रोज मोजतात. त्या दिवशी सहा होती.

मेंबर

तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरत होते, तेव्हा हिराबाई कोणाला तरी सांगताना ऐकलं, "यशवंताचा मेंबर गेला पहाटं."

मी ग्रामपंचायतीचा मेंबर समजले. तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि जाऊन विचारलं, "किती वय होतं हो?"

"सोळा असंल."

"अरेरे," मी म्हणाले. सोळाव्या वर्षी मेंबर कसा झाला हे मला कळलं नाही, पण अशा वेळी कोणी खोदून विचारत नाही. "आजारी होता?"

"चार दिस उठला नाय. चारा नाय, पाणी नाय. शेवटी पाय ताणले."

तोवर वन्सं आल्या. मी त्यांना हळूच सांगितलं, की गावात एक मुलगा गेला. वन्संचे डोळे भरून आले. "आईबाप आहेत?" त्यांनी हिराबाईंना विचारलं.

"आता आईबाप कुठचे? म्हशाच्या जत्रेतून आणला होता." हिराबाईंनी चुलीत लाकूड सरकवलं. "न्याहारी करून घ्या. मंग वढ्यापल्याड टाकतील. ऊन चढलं की गिधाडं येतील, तुमाला जवळनं बघायला मिळंल."

वन्सं भिंतीला धरून खाली बसल्या.

गोविंदभाऊंनी उलगडा केला नसता तर आम्ही बहुतेक पोलिसांत गेलो असतो. मेंबर हा यशवंतदादांचा बैल. तरणा असतानाही तो नांगराला जुंपला की मधेच खाली बसायचा आणि आजूबाजूचे सगळे काय करतात ते बघत राहायचा, म्हणून नाव पडलं मेंबर.

माझ्या मनात दुःखापेक्षा आनंद जास्त झाला, हे कबूल करते. बैल ओढ्यापलीकडच्या माळावर नेला तेव्हा आम्ही मागोमाग गेलो आणि झाडाआड बसलो. यशवंतदादा साठीचे, उंच, अबोल गृहस्थ. त्यांनी मेंबरच्या गळ्यातला दोर सोडून घेतला आणि लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले.

आधी कावळे आले. मग आकाशात एक ठिपका, मग तीन. पहिलं गिधाड पाय खाली सोडून उतरलं आणि धावपट्टी चुकलेल्या विमानासारखं चार उड्या मारत थांबलं. इतक्या जवळ, की उतरताना पंखांतून वाऱ्याचा आवाज ऐकू आला. माझ्या अंगावर काटा आला होता.

हिराबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बिचाऱ्याला सुया पण टोचल्या दोन दिस. काय उपेग नाय झाला."

माझा काटा तसाच राहिला, कारण बदललं.

"कसल्या सुया?"

"बाळू कंपाउंडर देतो ना जनावरांना. कसल्या ते काय माहीत?"

जनावराला दिलं जाणारं डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक अंगात असताना ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. देशभरातली गिधाडं मुख्यतः अशीच संपली. जनावरांसाठी ते औषध बंद झालं आहे, पण माणसांची बाटली चोरून वापरणारे अजून असतात. हे सगळं मी एका दमात गोविंदभाऊंना सांगितलं. त्यांना ते माझ्याहून आधी माहीत होतं. सुया दिल्याचं तेवढं माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वनरक्षकांना फोन लावला. ते बरेच दूर होते. औषध कोणतं ते कळेपर्यंत एकाही पक्ष्याला तोंड लावू देऊ नका, असं त्यांनी सांगितलं.

अशा रीतीनं जी गिधाडं पाहायला मी तीनशे मैल आले, त्यांना हाकलायला मी झाडाआडून पदर फडकावत धावले.

गिधाडाला हाकलणं कोंबडी हाकलण्याइतकं सोपं नाही. ते आपल्याकडे बघतं, दोन उड्या बाजूला होतं आणि आपण दमायची वाट बघतं. मी उजवीकडच्याला हटवलं की डावीकडचं पुढे यायचं. गोविंदभाऊ टॉवेल फिरवत होते, हिराबाई ताट बडवत होत्या, यशवंतदादा काय चाललंय ते न कळून "अवो खाऊ द्या की त्यांना" म्हणत होते. पाच मिनिटांत माझा श्वास संपला. आणि तेवढ्यात एकानं बैलाच्या मांडीत चोच घातली, काहीतरी ओढलं आणि गिळलं.

मग माझ्या शेजारून निळं काहीतरी गेलं. त्या वन्सं होत्या. छत्री मिटलेली, साडी गुडघ्यापर्यंत, आणि तोंडानं कूलरमधल्या कबुतरांसाठी राखून ठेवलेली सगळी भाषा. ते गिधाड पळायला लागलं. जड अंगानं त्याला एकदम उडता येईना, म्हणून ते माळावरून उड्या मारत पुढे आणि वन्सं मागे. वीसेक पावलांवर ते थांबलं, वळलं, मान खाली घातली आणि पोटात होतं तेवढं सगळं वन्संच्या बुटांवर ओकून टाकलं. मग हलकं होऊन उडालं.

घाबरलं की गिधाडं असंच करतात, वजन कमी करून उडायला. वास मात्र पुस्तकात लिहिलेला नसतो. वन्सं जागच्या जागी उभ्या होत्या. मी धावत गेले आणि बूट निरखून पाहिले. ताजा लाल तुकडा होता.

"ओकलं वन्सं, सगळं ओकलं," मी त्यांचा हात धरून म्हणाले. मला रडू येत होतं.

"दिसतंय मला," वन्सं म्हणाल्या. "तू अभिनंदन कोणाचं करतेयस?"

म्हसा

माळ कातळाचा, खड्डा घेणं शक्य नव्हतं. वाडीतल्या बायकापुरुषांनी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून बैलावर रचायला सुरुवात केली. यशवंतदादांना सुई कसली दिली ते सांगता येईना. सुई टोचताना ते तोंड फिरवून उभे होते. बाळू कंपाउंडर मुरबाडपलीकडे म्हसा गावच्या जत्रेला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी आणि गोविंदभाऊ मोटरसायकलवर निघालो. वन्सं छत्री घेऊन काट्यांशेजारी दगडावर बसल्या. "जा तू," त्या म्हणाल्या. "मी आहे."

किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत दोन तासांनी म्हसा आलं. तिथल्या जत्रेत माणसांहून बैल जास्त. शिंगं रंगवलेले, पाठीवर झुली टाकलेले, रांगेनं उभे. एका बाजूला घोंगड्यांचे ढीग, दुसरीकडे भज्यांचा धूर. आमच्याकडच्या जत्रेत मी पाळण्यात बसले आहे, पण बैल तपासायची वेळ इथे पहिल्यांदाच आली. साडीतली, डोक्याला हेल्मेट घातलेली बाई बैलांच्या रांगांतून वाकून वाकून बघते म्हणजे मोठी गिऱ्हाईक असणार, असं व्यापाऱ्यांना वाटलं. तिघांनी मला बैलांचे दात दाखवले. एकानं बैलाचं तोंड उघडूनच धरलं.

"चांगले आहेत," मी म्हणाले. "बाळू कंपाउंडर कुठे असेल?"

"बैलाला काय झालंय?"

"माझ्याकडे बैल नाही."

"मग दात कशाला बघता?" त्यानं नाराजीनं तोंड मिटलं, बैलाचं.

बाळू भज्यांच्या गाडीमागे सापडला. चाळिशीचा, गोल, हातात चामड्याची पिशवी. गोविंदभाऊंनी हाक मारली आणि माझा चष्मा बघून तो बैलांच्या आड सरकला. त्याला मी सरकारी बाई वाटले असावे. मी त्याला आठवीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बाळू, इकडे ये. पिशवी खाली ठेव. यशवंतदादांच्या बैलाला काय दिलंस?"

तो सरळ उभा राहिला. हात मागे बांधले. "औषध, बाई."

"कसलं?"

"बैलाचं."

"मी वरच्या कड्यावरच्या सहा गिधाडांसाठी विचारतेय. खरं सांगितलंस तर मी इथून निघून जाईन."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाई, बैल म्हातारा झाला होता. मी गेल्या गेल्या वळखलं, हा जाणार. दुखण्याची सुई माझ्याकडं नव्हती आणि असती तरी काय करायची होती? यशवंतदादा दारात उभे. नुसता परत कसा येऊ? ताकदीची सुई दिली. लाल असते ना, ती. जीवनसत्त्वाची."

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिस. रिकाम्या बाटल्या त्यांच्या गोठ्याच्या कुडात खोचल्यात. बघा जाऊन. पण यशवंतदादांना सांगू नका बाई. त्यांना वाटतंय इलाज झाला."

जीवनसत्त्वानं गिधाडाला काही होत नाही. मी गोविंदभाऊंकडे पाहिलं. ते भज्यांच्या गाडीला टेकले आणि प्रथमच त्या दिवशी नीट श्वास घेतला. आम्ही दोघांनी दोन दोन प्लेट भजी खाल्ली. बाळूलाही दिली, पण तो उभ्यानंच, हात मागे बांधायचं मधेमधे आठवत खात होता.

वाडीत परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गोविंदभाऊ यशवंतदादांच्या गोठ्यात शिरले आणि कुडातून दोन बाटल्या घेऊन आले. तळाशी लाल थेंब होते, लेबलही तेच सांगत होतं. त्यांनी त्या खिशात घातल्या आणि आम्ही माळावर गेलो.

मेंबर दिसतच नव्हता. त्याच्या जागी काट्यांचा पुरुषभर उंच किल्ला होता, आणि त्याच्यासमोर वन्सं. हाताला ओरखडे, केसांत करवंदीची पानं. वाडीतल्या बायकांना त्यांनी पाळ्या लावून दिल्या होत्या. चार गिधाडं पलीकडच्या सुक्या झाडावर ओळीनं बसून त्यांच्याकडे बघत होती.

"एकालाही शिवू दिलं नाही," वन्सं म्हणाल्या. "ते डावीकडचं फार आगाऊ आहे. त्याच्या शेजारचं गरीब."

"वन्सं," मी म्हणाले, "काटे काढायचे आहेत."

मी सगळं सांगितलं. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं, ओरखडलेले दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि विचारलं, "हे मी टोचून घ्यायच्या आधी विचारून येता आलं नसतं का?"

सूर्य क्षितिजाला टेकला तशी गिधाडं उठून कपारींकडे गेली. काटे सकाळी काढायचं ठरलं, नाहीतर रात्री कुत्री आली असती. हिराबाईंनी वन्संच्या हातांना तेल लावलं आणि त्या रात्री वालाच्या भाजीत वन्संची चटणी स्वतःहून घातली. सगळ्यांनी डोळे पुसत जेवण केलं.

माळ, पुन्हा एकदा

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून काटे काढले आणि झाडाआड बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. आकाश रिकामं.

"येत का नाहीत?" वन्सं म्हणाल्या. "काल तर मेली हलत नव्हती."

"तुमाला भिऊन," हिराबाई म्हणाल्या.

वन्संचा चेहरा पडला. पंगतीला बोलावून पाहुणे येऊ नयेत अशा काळजीनं त्या सारख्या वर बघत होत्या. त्यांनी छत्री गवताखाली लपवली. मग निळे बूटही काढून पाठीमागे ठेवले. त्याचा उपयोग झाला असं मी शास्त्राच्या आधारानं म्हणू शकत नाही, पण साडेदहाला पहिली सावली माळावरून गेली.

पाचच आली. सहावं घरट्यावर असणार. ती उतरली, भांडली, एकमेकांच्या पाठीवर चढली, पंख पसरून एकमेकांना दटावलं आणि मग जेवायला बसली. मी वर्गात "निसर्गाचे सफाई कामगार" म्हणायचे. कामगार असे मचमच करत, ढुशा देत, लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखे काम करत नाहीत. ते आगाऊ गिधाड सगळ्यांत पुढे होतं. गरीब मागे राहिलं तेव्हा वन्सं हलक्या आवाजात "जा की पुढं" असं म्हणताना मी ऐकलं.

यशवंतदादा आमच्या मागे येऊन बसले होते. बराच वेळ ते माळाकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

"जेवली?" त्यांनी विचारलं.

"जेवतायत," मी म्हणाले.

"ताई, ती सुई नुसती दाखवायलाच होती ना?"

मी गोविंदभाऊंकडे पाहिलं, गोविंदभाऊंनी झाडाकडे.

"मला म्हाईत हाय," यशवंतदादा म्हणाले. "मेंबर सुई दिसली की लाथ झाडायचा. या बारीला टोचली तरी हलला नाय. तवाच समजलो, आता कसल्याच सुईनं उठायचा नाय. बाळूला नाय म्हटलं नाय, तो एवढा लांबून आला होता." मग म्हणाले, "त्याला सांगू नका. त्याला वाटंल मला कळलं."

मी सांगणार नाही म्हणाले, आणि हा मजकूर बाळूच्या हाती पडला तरी त्याला पत्ता लागू नये म्हणून इथल्या माणसांची सगळी नावं मी बदलली आहेत.

थोड्या वेळानं एक गिधाड बाजूला झालं. त्याच्या गळ्याखाली पिशवी भरून फुगली होती. ते माळाच्या उतारावरून धावलं, कसंबसं उचललं गेलं, ओढ्यावर एक गिरकी घेतली, मग दुसरी, आणि हवेनं त्याला वर घेतलं. मी दुर्बिणीतून त्याच्याबरोबर वर गेले. ते कपारीशी पोचलं, तिथलं गिधाड उठून बाजूला झालं, आणि आलेल्यानं मान वाकवून चोच त्या कापसाच्या गोळ्यात घातली.

मी दुर्बीण यशवंतदादांना दिली आणि कुठे बघायचं ते दाखवलं. त्यांना सापडायला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही.

"पिल्लाला भरवतंय," मी म्हणाले.

"हां." दुर्बीण तशीच डोळ्यांना धरून ते म्हणाले, "लई आळशी बैल. ओढ्याच्या चढालाबी बसायचा. एवढ्या वर कवा गेला नसता."

वन्संनी मागे हात करून बूट ओढले आणि एकेक करून पायांत घातले. "गेला की आता," त्या म्हणाल्या.